व्हेरिकोसेल निघालं, आता आधी ऑपरेशन की थेट आयसीएसआय? आम्ही काय ठरवलं आणि का

गेल्या वर्षभरात हाच प्रश्न मला तीन जणांनी विचारलाय. व्हेरिकोसेल म्हणजे अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगणं, आणि आयसीएसआय म्हणजे शुक्राणू सुईनं बायकोच्या बीजात सोडून गर्भ बाहेर तयार करायची पद्धत. दोघं आमच्याच फाउंड्रीतले, एक गावाकडचा. तिघांनीही आधी आजूबाजूला कोण आहे बघितलं, मग आवाज खाली घेतला आणि मग विचारलं, की भावा तुझं ते ऑपरेशन झालेलं ना, फरक पडला का, आम्हाला तर थेट आयसीएसआय करा म्हणून सांगितलंय. तिघांना तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढावं. मी डॉक्टर नाही, शिरोली एमआयडीसीत काम करणारा माणूस आहे, पण हे ठरवायला आम्हाला आठ महिने लागले आणि त्यातले पाच तरी नीट माहिती नव्हती म्हणून वाया गेले.

काउंट म्हणजे शुक्राणू किती आणि मोटिलिटी म्हणजे त्यातले हलणारे किती, यापुढं सांगत बसत नाही. रिपोर्ट हातात पडला की रात्रभर मोबाईलवर तेच वाचून झालेलं असतंय. फक्त एवढं सांगतो की रिपोर्टवर काउंटच्या बाजूला छापलेला दर मिलीलीटरला १६ मिलियनचा आकडा ही काय पास-नापासाची रेघ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात तो आकडा आला तो असा, की ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा बाप्यांचे रिपोर्ट घेतले आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची हद्द धरली. म्हणजे १६ च्या खाली असलेल्यांनाही मुलं होतात, आणि ४० मिलियनवाल्यांचंही अडतंय. माझा पहिला रिपोर्ट होता ८ मिलियन, मोटिलिटी २४ टक्के. महिन्यानं दुसरा केला, साडेनऊ आणि २६. दोन रिपोर्ट महिनाभराच्या अंतरानं केल्याशिवाय कुणाचंच काही ऐकू नका, ताप येऊन गेला असला तरी पुढचे दोन-तीन महिने आकडे खाली येतात.

आता आमचं काय झालं ते. लग्नाला तीन वर्षं झालेली, मी ३३ चा, बायको २९ ची. घरात बोलणी सुरू झाली की पहिली चौकशी कुणाची होते ते कोल्हापुरात काय आणि कुठं काय, सगळीकडं सारखंच. आत्यानं अंबाबाईची ओटी भरायला लावली, मामीनं कुठल्या तरी काढ्याचा पत्ता दिला, आणि दवाखान्यातही सगळ्या तपासण्या हिच्याच. बीजांचा साठा किती ते बघायची एएमएच, थायरॉईड, सोनोग्राफी, आणि शेवटी नळ्या उघड्या आहेत का बघायची ती एचएसजी, त्या दिवशी ही घरी येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही, पोटाला हात लावून बसलेली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. हे सगळं झाल्यावर मग मला सांगितलं की तुमचीपण एक तपासणी करून घ्या. दोन-चारशे रुपयांची, कसलीच सुई न लागणारी तपासणी, आणि ती सगळ्यात शेवटी.

अमेरिकेतल्या युरोलॉजी आणि रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या संघटनांनी २०२० साली ज्या गाईडलाईन काढल्या त्यात पहिलंच वाक्य जवळपास हेच आहे, की नवरा-बायको दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करा. मला ते लई उशिरा वाचायला मिळालं.

माझे रिपोर्ट घेऊन आम्ही एका मोठ्या सेंटरला गेलो. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. स्वच्छ जागा, माणसं गोड बोलणारी. काउंटरवर फॉर्म दिला, पेशंटचं नाव या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, कारण बिघाड माझ्यात होता. पलीकडच्या मुलीनं फॉर्म बघितला, माझ्या नावावर रेघ मारली आणि म्हणाली, सर इथं मॅडमचं नाव लिहायचं असतं, तुमचं खाली, हजबंडच्या रकान्यात. फाईल तिच्या नावाची झाली. वर मोठ्या अक्षरात तिचं नाव, वय, पाळीची तारीख, खाली निदान म्हणून लिहिलेलं इन्फर्टिलिटी. माझा रिपोर्ट सगळ्यात मागं एक पान, पिन मारलेलं. त्यानंतर आम्ही तिथं चार वेळा गेलो, चारही वेळा तिच्या नावाचा पुकारा झाला, तिचं वजन, तिचं बीपी, तिचं रक्त. पाचव्या भेटीत आयसीएसआयचं एस्टिमेट हातात दिलं, आणि तोपर्यंत मला एकाही डॉक्टरनं आत नेऊन तपासलं नव्हतं. मला त्या पद्धतीबद्दल राग नाही, ती पद्धत कित्येकांच्या घरात पाळणा हलवून गेलीय. पण ती फाईल माझ्या डोक्यातून काही जाईना. तुम्ही म्हणाल एवढ्यावरून कुणी उपचार ठरवतं का, तर माझ्यापुरतं सांगतो, हो, ठरवला. पुढं जे खर्चाचं, वेळेचं, टक्क्यांचं लिहितोय ते सगळं खरं आहे, पण काटा पहिल्यांदा हलला तो त्या फाईलमुळं.

मग व्हेरिकोसेल कळलं कसं, तर मावसभावामुळं. आमच्याकडं शिरोळ-कागल-गडहिंग्लजच्या पट्ट्यात हा शब्द पोरांना मूल-बाळाच्या भानगडीतून नाही, भरतीतून माहिती असतोय. पळण्यात पहिला आलेला पोरगा मेडिकलला व्हेरिकोसेल म्हणून बाहेर बसतो. याचंही १९ व्या वर्षी तसंच झालेलं, ऑपरेशन करून घेतलं आणि पुढच्या भरतीत लागला. सुट्टीला आलेला, रात्री अंगणात जेवण करून बसलो होतो, मी त्याला सगळं सांगितलं आणि तो एवढंच म्हणाला, दादा, तुला कुणी उभं करून बघितलं का? नाही म्हणलं. म्हणला, मग आधी युरोलॉजिस्टकडं जा.

गेलो. त्यांनी पडदा ओढला, उभं केलं, हातानं तपासलं, श्वास रोखून पोटावर जोर द्यायला सांगितलं, दोन मिनिटांत म्हणाले डाव्या बाजूला ग्रेड तीन, नुसतं बघूनही दिसतंय. अंडकोषाच्या वर शिरांचा गुंता असतो तो फुगलेला, पायाला व्हेरिकोज व्हेन होतात तसलाच प्रकार. डावीकडंच का, तर डावीकडची शीर लांब असते आणि किडनीच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, म्हणून रक्त वर चढताना अडतं आणि खाली साचतं. उजवीकडची तिरकी जाऊन थेट मोठ्या शिरेला मिळते. साचलेल्या गरम रक्तामुळं तिथलं तापमान वाढतं, आणि अंडकोष तर शरीरापेक्षा दोन ते चार डिग्री थंड राहावा म्हणूनच बाहेर टांगलेला आहे. त्यांनी मला काम काय करता विचारलं. मी म्हणलं फर्नेसवर, सहा वर्षं. इंडक्शन फर्नेसमधलं लोखंड १४०० डिग्रीच्या वर असतं, आणि त्या प्लॅटफॉर्मवर आठ-आठ तास. शिफ्ट संपताना डावीकडं जो जडपणा यायचा, ओढल्यासारखं व्हायचं, तो मी सहा वर्षं उभं राहण्याचा थकवा समजत होतो. आडवं झालं की थांबायचं, म्हणून कधी कुणाला दाखवलं नाही.

हे काय दुर्मिळ नाही. साधारण १०० पुरुषांत १५ जणांना असतं आणि बऱ्याच जणांना त्याचा काही त्रास होत नाही, मुलंही होतात. पण मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या पुरुषांत हेच प्रमाण ३५ ते ४० वर जातं. एक मात्र लक्षात ठेवा, नुसतं उजवीकडंच निघालं, किंवा अचानक झालं, किंवा आडवं पडूनही फुगवटा उतरत नसला, तर पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात ती टाळू नका, वर किडनीजवळ काही दाबतंय का ते बघायचं असतं.

आणि ज्याचं हाताला लागत नाही, नुसत्या डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) निघालंय, त्यानं ऑपरेशनच्या मागं लागू नये असं त्याच २०२० च्या गाईडलाईन सांगतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण डॉप्लरचा रिपोर्ट घेऊन घाबरलेली पोरं मी बघितलीत. हाताला लागणारं व्हेरिकोसेल, बिघडलेला रिपोर्ट आणि मूल हवंय पण होत नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच पुढचं वाचा.

एक योगायोग मला लई विचार करायला लावतो. आयसीएसआयनं पहिल्यांदा गर्भधारणा झाल्याचं जगापुढं आलं ते १९९२ साली, बेल्जियममधल्या ब्रुसेल्समधून. आणि व्हेरिकोसेलचं मायक्रोस्कोपखालचं ऑपरेशन, ज्यात शुद्ध रक्ताची नळी (आर्टरी) आणि लसिकावाहिन्या (अंगातला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) वाचवून फक्त फुगलेल्या शिरा बांधतात, ते न्यूयॉर्कच्या मार्क गोल्डस्टीन यांनी प्रसिद्ध केलं तेही १९९२ सालीच. दोन्ही एकाच वयाचे. पण एकाचे बोर्ड कोल्हापुरात राजारामपुरीपासून ताराबाई पार्कपर्यंत दिसतात, दुसऱ्याचं नाव विचारलं तर लोक म्हणतात ते दुर्बिणीचं ऑपरेशन का?

तर आता शेजारी-शेजारी ठेवून बघू.

वेळेच्या बाबतीत आयसीएसआय सरळ पुढं आहे, यात वाद नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं, दहा-बारा दिवस, मध्ये सोनोग्राफ्या, मग बीजं काढायची, एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईनं सोडायचा, तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ आत ठेवायचा, त्यानंतर दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी. एका सायकलमध्ये उत्तर मिळतं, हो की नाही. ऑपरेशनचं तसं नाही. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळं तीन महिने व्हायच्या आत रिपोर्ट करून उपयोग नाही आणि खरा फरक सहा महिन्यांनी कळतो. ते सहा महिने लई मोठे वाटतात. घरचे विचारतात काय झालं, तुमच्याकडं सांगायला काहीच नसतं.

खात्रीच्या बाबतीत दोघांनाही खात्री नाही. ऑपरेशननंतर दहापैकी सहा-सात जणांचा रिपोर्ट सुधारतो, पण आपोआप दिवस जाण्याचं प्रमाण साधारण तीन-चार जोडप्यांचं, तेही वर्षभरात किंवा थोडं जास्त. म्हणजे रिपोर्ट सुधारला म्हणजे मूल झालं असं नाही, हे मला ऑपरेशनआधी स्पष्ट सांगितलं गेलं आणि त्याबद्दल मी त्या डॉक्टरांचा आभारी आहे. आयसीएसआयचं यश बायकोच्या वयावर जास्त अवलंबून असतं, तिशीच्या आत चांगलं, पस्तिशीनंतर उतरतं, चाळिशीकडं बरंच कमी. एका सायकलमध्ये होईलच असं कोणी लिहून देत नाही.

पैशाचं आमच्यापुरतं सांगतो. आयसीएसआयच्या एका सायकलचं एस्टिमेट औषधं धरून १ लाख ९० हजार होतं, गर्भ गोठवून ठेवायचे असले तर त्याचे वेगळे. ऑपरेशनला सगळं मिळून ७२ हजार गेले, त्यातले कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून बरेचसे आले, कारण मला दुखणंही होतं आणि डॉक्टरांनी जे होतं तेच कागदावर लिहिलं. पॉलिसीत वंध्यत्वाचे उपचार बहुतेक वेळा वगळलेले असतात, म्हणून आधी टीपीएला (विम्याचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीला) लेखी विचारा, नंतर डोकं धरून बसायची वेळ येते.

आणि शरीराचं. हा मुद्दा मी शेवटी घेतला कारण माझ्यासाठी तोच पहिला होता. आयसीएसआयमध्ये नवऱ्याचं काम एक सँपल देण्याचं. बाकी सगळं बायकोच्या अंगावर, पोटात रोजची सुई, हार्मोनमुळं अंग सुजणं, चिडचिड, बीजं काढताना भूल, कधी कधी बीजकोष जास्तच फुगून पोटात पाणी होतं आणि ॲडमिट व्हावं लागतं. जिच्या नळ्या उघड्या, एएमएच चांगलं, पाळी नियमित, तिनं हे सगळं सोसायचं, कारण माझ्या एका शिरेत रक्त साचतंय. आम्ही त्या रात्री रंकाळ्यावर बसलो होतो, मी तिला विचारलं तुला काय वाटतं. ती म्हणाली, अहो, मी सुया घेईन, माझं काही नाही, पण तुमच्यातलं दुखणं तसंच ठेवून माझ्यावर इलाज करायचा, हे मला कळत नाही. मला त्यापुढं बोलायला काही राहिलं नाही.

तर ऑपरेशन ठरलं. आता ऑपरेशनमध्येही तीन प्रकार आहेत आणि इथं शब्दांनी लई घोटाळा केलाय. आपल्याकडं दुर्बीण म्हणलं की लॅप्रोस्कोपी, पोटाला तीन भोकं पाडून आतून शिरा क्लिप करतात. मायक्रोस्कोपचं ऑपरेशन वेगळं, जांघेत दोन-तीन सेंटीमीटरचा छेद, आणि वरून मोठं करून दाखवणारा मायक्रोस्कोप. दोन्हीला लोक दुर्बीणच म्हणतात, रिसेप्शनवरही कधी कधी दुर्बीणच म्हणतात, म्हणून स्पष्ट विचारा, पोटातून की जांघेतून, आणि मायक्रोस्कोप वापरणार का. फरक असा की मायक्रोस्कोपखाली बारीक शिराही दिसतात म्हणून परत होण्याचं प्रमाण साधारण १०० मध्ये एक-दोन, आणि लसिकावाहिन्या वाचल्यामुळं नंतर अंडकोषात पाणी भरायचं, म्हणजे हायड्रोसिल व्हायचं प्रमाण त्याहून कमी. लॅप्रोस्कोपीत दोन्ही थोडं जास्त, जुन्या उघड्या पद्धतीत आणखी जास्त. दोन्ही बाजूंचं असेल तर लॅप्रोस्कोपीत त्याच भोकांतून दोन्हीकडचं होतं, तो तिचा फायदा. तिसरा प्रकार कॉईलचा, मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी घालून शीर आतून बंद करतात, टाकाच नाही, पण ते इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं काम आहे आणि काही वेळा नळी शिरेपर्यंत पोचतच नाही. टाक्यांचीच भीती असलेल्याला तो चांगला असेल, मी त्या वाटेनं गेलो नाही म्हणून जास्त बोलत नाही.

मायक्रोस्कोपचं करणारे सर्जन शोधायला वेळ लागतो, हा या पर्यायाचा खरा तोटा. युरोसर्जन कोल्हापुरात भरपूर आहेत, पण मुतखडा आणि प्रोस्टेटचं काम रोज करणारा माणूस हे रोज करतोच असं नाही. मी तिघांना भेटलो, तिघांनाही एकच प्रश्न विचारला, महिन्यात असली किती करता. ज्यांनी न चिडता आकडा सांगितला आणि वर आर्टरी शोधायला छोटा डॉप्लर वापरतो हेही सांगितलं, त्यांच्याकडं केलं.

ॲडमिट व्हायच्या दिवशी काउंटरवर नर्सनं विचारलं, पेशंट कोण? हिनं माझ्याकडं बोट केलं. पिशवी तिच्या हातात, फाईलवर माझं नाव. मला त्या क्षणी भीतीपेक्षा जास्त मोकळं वाटलं, हे खरं सांगतो.

ऑपरेशन दीड तास चाललं, कमरेत इंजेक्शन दिलेलं, दुसऱ्या दिवशी घरी. पहिले तीन दिवस जिन्यानं चढताना ओढ बसायची. तालमीत लंगोट बांधलेला माणूस आहे मी, तरी आठ दिवस सपोर्टरशिवाय चालता येईना. टू-व्हीलर दोन आठवडे बंद, जड उचलणं महिनाभर बंद, संबंध तीन आठवडे बंद, मला असं सांगितलेलं, तुमचे डॉक्टर थोडं वेगळं सांगतील. महिनाभर हाताला गाठीगाठी लागत होत्या, बांधलेल्या शिरा घट्ट होतात म्हणून, मी घाबरून फोन केला, ते म्हणाले होऊ दे, बसेल. बसलं. आणि शिफ्टनंतरचा तो जडपणा गेला तो आजतागायत आला नाही. मूल होवो न होवो, एवढ्यासाठीसुद्धा मी परत केलं असतं, आयसीएसआयनं हे दुखणं काही गेलं नसतं.

कामाचंही बदललं. साहेबांना पाठीचं कारण सांगून सहा महिन्यांसाठी फर्नेसवरून इन्स्पेक्शनला गेलो. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही, आज झाली असती. त्याच काळात तंबाखू सोडली. हे सगळं एकदम केल्यामुळं कशानं किती फरक पडला हे वेगळं काढून सांगता येणार नाही. त्याआधी पाच महिने मी काउंटच्या महागड्या कॅप्सूल खाल्ल्या होत्या, त्यानं माझा रिपोर्ट जागचा हलला नव्हता, आणि अशा कॅप्सूलबद्दल ठोस पुरावा नाही असं नंतर दोन डॉक्टरांनी सांगितलं. आणि एक, जिमवाल्या पोरांसाठी, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की काउंट वाढत नाही, उलट बाहेरून मिळतंय म्हणून शरीर आतलं काम बंद करतं, काउंट शून्यावरही जातो. कोण कितीही ताकदीचं म्हणून सांगू दे, मूल हवं असेल तर घेऊ नका.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला १३ मिलियन. मी नाराज झालो, खर्च वाया गेला असंच वाटलं. सहा महिन्यांनी २१, मोटिलिटी ३९. त्यानंतर चार महिने नैसर्गिक प्रयत्न केले, काही झालं नाही. इथं मी ज्याला त्याला खरं सांगतो, आमचं नुसत्या ऑपरेशननं झालं नाही. पण आता आकडे आययूआयच्या टप्प्यात आले होते, जे ८ मिलियन आणि २४ टक्क्यांवर जमेल असं कुणी म्हणत नव्हतं. आययूआय म्हणजे सँपल धुऊन चांगले शुक्राणू बारीक नळीनं गर्भाशयात सोडायचे, भूल नाही, बीजं काढणं नाही, हिला पाच दिवस गोळ्या आणि एक इंजेक्शन. पहिली वाया गेली. दुसऱ्या वेळी राहिलं. पोरगी आता सव्वा वर्षाची आहे.

म्हणजे आमच्या बाबतीत ऑपरेशननं आम्हाला एक पायरी खाली आणलं, आयसीएसआयवरून आययूआयवर, आणि हिच्या अंगावरचा भार त्या मानानं कमी झाला. संपला नाही, कमी झाला. सहा महिन्यांनी आकडे हलले नसते तर आम्ही आयसीएसआयच करणार होतो, दार बंद केलेलं नव्हतं, आणि चांगला झालेला रिपोर्ट तिथंही उपयोगीच पडला असता. उलट बाजूनं बघितलं तर आधी आयसीएसआय करून नंतर ऑपरेशन करणारं जोडपं माझ्या तरी बघण्यात नाही, एकदा तिकडं वळलं की नवऱ्याचं दुखणं मागंच राहतं.

पण सगळ्यांनी हेच करावं असं मी म्हणणार नाही. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढं असेल किंवा एएमएच कमी असेल तर सहा महिने थांबणं महागात पडतं. तिच्या नळ्या बंद असतील तर तुमचा काउंट वाढून करणार काय. तुमच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य असतील तर ऑपरेशननं येतीलच असं धरून चालता येत नाही, तिथं युरोलॉजिस्ट आणि सेंटरचे डॉक्टर दोघांना एकत्र बसवून विचारावं लागतं. आणि सेंटरला जायचंच असेल तर असल्या सेंटरांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्याखाली त्याची नोंदणी झालीय का ते बघा, विचारायला लाजू नका. बायको तिशीच्या आसपास, तिचे रिपोर्ट चांगले, तुमचं ग्रेड दोन-तीन हाताला लागणारं, तर मात्र मला वाटतं आधी युरोलॉजिस्ट. निदान एकदा उभं राहून तपासून घ्या, त्याला एक ओपीडीची फी पडते.

फाउंड्रीतल्या दोघांपैकी एकाचं गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं, दुसरा अजून घरात विषय काढू शकलेला नाही. तो गावाकडचा तिसरा, त्याची बायको ३८ ची आणि एएमएच एकच्या खाली. त्याला मी सरळ सांगितलं, भावा तू थांबू नको, आयसीएसआयच कर. फक्त पहिल्या दिवशी फॉर्म भरताना पेशंटच्या रकान्यात दोघांची नावं लिही, आणि कुणी खोडायला लागलं तर खोडू देऊ नको.